झाड कुठंय?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला आलेल्या पाहुण्यांना मी ‘वन ट्री हिल’वर, म्हणजे ‘एका झाडाच्या टेकडी’वर नेतो, तेव्हा माथ्यावर पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: झाड कुठंय? मी म्हणतो, झाडाचं सांगतो, आधी खाली बघा.

तुम्ही गड चढणारी माणसं, तुम्हाला पटकन दिसेल. उतारावर एकाखाली एक सपाट पट्टे उतरत गेलेत. टेकडी ज्वालामुखीची, पण हे काही लाव्ह्यानं केलेलं नाही, माणसांनी खणलेलं आहे. माओरी म्हणजे इथले मूळ रहिवासी; त्यांच्या भाषेत या टेकडीचं नाव माउंगाकीएकीए, म्हणजे कीएकीए या वेलीचा डोंगर. उंची जेमतेम १८२ मीटर, पण इथला ‘पा’, म्हणजे माओरींचा गड, देशातल्या सर्वांत मोठ्या गडांपैकी एक होता. पट्ट्यांवर घरं, कडेनं लाकडी मेढेकोट. आणि ते चौकोनी खळगे दिसतात ना, ज्यांत पोरं लोळतायत? ती पेवं आहेत. धान्याची नव्हे, कूमाराची. कूमारा म्हणजे आपलं रताळं. उष्ण बेटांवरून होडीतून आलेलं हे पीक इथल्या थंडीत टिकेना, म्हणून ते जमिनीत पुरून ठेवायची युक्ती निघाली. मला या टेकडीवर सगळ्यांत जास्त आवडतात ते हे खळगे.

‘ते वाइओहुआ’ या माओरी जमातीचा प्रमुख किवी तामाकी इथे राहायचा. १७४०च्या सुमारास ङाती फातुआ या दुसऱ्या माओरी जमातीशी झालेल्या लढाईत तो पडला आणि पुढे गड ओस पडला. माथ्यावर उभं राहिलं की भांडण कशासाठी होतं ते कळतं. एका बाजूला वाइतेमाता बंदर, दुसऱ्या बाजूला मानुकाउ, मध्ये चिंचोळी जमीन. दोन समुद्रांच्या मधल्या या पट्टीवरून होड्या ओढून नेत. पलीकडे रांगितोतो बेट.

आता झाड. इथलं जुनं तोताराचं झाड १८५२मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी तोडलं. जॉन लोगन कॅम्पबेल या व्यापाऱ्यानं मग पाइन लावले, त्यातला शेवटचा उरला. १९९४मध्ये एका माओरी कार्यकर्त्यानं सरकारचा निषेध म्हणून त्यावर करवत चालवली, १९९९मध्ये पुन्हा हल्ला झाला, आणि २०००मध्ये तो धोकादायक म्हणून उतरवला. पुढे सोळा वर्षं नावात झाड आणि माथ्यावर नाही! २०१६मध्ये सहा तोतारा आणि तीन पोहुतुकावा अशी देशी झाडं लावली. त्याआधी, २०१४च्या कायद्यानं, शहरातल्या चौदा ज्वालामुखी टेकड्यांची मालकी माओरींच्या तेरा गटांकडे परत गेली होती.

पायथ्याचं कॉर्नवॉल पार्क याच कॅम्पबेलनं १९०१मध्ये देशाला दिलं. माथ्यावरचा दगडी स्तंभही त्याच्याच पैशातून, माओरींच्या स्मरणार्थ. त्याच्याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही, असो. स्तंभ १९४०मध्ये उभा राहिला, पण अनावरण १९४८मध्ये. मधे महायुद्ध होतं, आणि रक्त सांडत असताना असा सोहळा करायचा नाही, अशी माओरी रीत. आठ वर्षं थांबले.

वर गाडी जात नाही, चालत जावं लागतं. डोंगराचा माथा माओरींना पवित्र, तेव्हा डबा वर उघडू नका, खाली ओकच्या सावलीत उघडा. आणि येताना फाटक लावून घ्या, आत मेंढ्या चरतात.