रोख किती?

नमस्कार श्रोतेहो. सणासुदीला फोनच्या दुकानांवर पाट्या झळकतात, शून्य टक्के व्याज, आज फोन न्या, पैसे सावकाश द्या. तर फोन हप्त्यावर घ्यावा की एकरकमी, हा आजचा विषय.

अमेरिकेत २००८ साली आयफोन थ्रीजी १९९ डॉलरला मिळायचा. तेव्हाच्या भावानं साडेआठ हजार रुपयांच्या आसपास. तोच फोन ऑगस्टमध्ये आपल्याकडे आला ३१,००० रुपयांना. लोक भडकले. पण तिकडे त्या १९९ डॉलरसोबत दोन वर्षांचा करार होता, आणि फोनची उरलेली किंमत सिम देणारी कंपनी दरमहा बिलातून काढून घ्यायची. आपण पडलो प्रीपेडवाले. सिम वेगळं, फोन वेगळा. ती पद्धत इथं काही रुजली नाही, तिच्या जागी हप्ते आले.

आता माझ्या मामांचा किस्सा. मामा साताऱ्याचे, उभी नोकरी पतसंस्थेत कर्जखाती सांभाळण्यात गेलेली. नात अकरावीला गेली म्हणून तिला फोन घ्यायचा होता. मलाही सोबत नेलं. काउंटरवरचा पोरगा मोठा उत्साही.

"काका, २४,००० चा फोन. दोन-दोन हजारांचे १२ हप्ते. व्याज एक रुपया नाही!"

मामांनी सावकाश चष्मा पुसला. "बरं. आणि रोख किती?"

"रोखीलाही तेवढेच, काका."

"मालकांना विचारून ये."

पोरगा आत गेला, परत आला. "२२,५०० ला देऊ म्हणतायत."

"मग वरचे १,५०० कशाचे रे?"

"ते रोखीचं डिस्काउंट."

"आमच्या पतसंस्थेत त्याला व्याज म्हणायचे."

पोरगाही हुशार. मोबाइलवर आकडे मारून म्हणाला, "पण काका, शेकडा साडेसहाच पडतंय की. स्वस्तच आहे!" मामा या वाक्याची वाटच बघत होते. त्यांनी त्याच्याकडून पेन मागून घेतलं, पावतीपुस्तकाचं मागचं पान उलटलं. "हे बघ. पहिला हप्ता भरला की मुद्दल घटलं. दुसरा भरला, आणखी घटलं. वर्षभराची सरासरी काढ, तुमचे जेमतेम निम्मे पैसे माझ्याकडे राहतात, आणि व्याज घेतोस पुऱ्या रकमेवर. दर झाला १२ टक्के. फाइल चार्ज किती?"

"२९९. वर जीएसटी."

"म्हणजे ३५३. ते धर, झाले १५ टक्के. आता वाच ती पाटी मोठ्यानं."

पोरानं काही पाटी वाचली नाही. पण मागं रांग लागली होती, त्यातल्या एक बाई पुढं आल्या. "अहो, आमच्या फोनचं रोख किती?" त्यांच्या मागचा म्हणाला, "माझंही बघा." नात लाजून कव्हरच्या स्टँडमागं जाऊन उभी राहिलेली. शेवटी मालकच बाहेर आले, एक कव्हर आणि टेम्पर ग्लास मामांच्या हातात ठेवून म्हणाले, "काका, हे आमच्याकडून भेट. चहा मात्र घरी जाऊन घ्या."

रिझर्व्ह बँकेनंही २०१३ साली बँकांना हेच बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. क्रेडिट कार्डावरच्या बिनव्याजी हप्त्यात व्याजाइतकी रक्कम किमतीतून वजा करून देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच बिलात येतो. तेव्हा श्रोतेहो, हप्ता किती, हे नंतर. आधी, रोख किती?



हप्ता वाईटच, असं माझं म्हणणं नाही. पार्सल पोचवणाऱ्या पोराची रोजची कमाईच फोनवर असते. त्यानं पैसे साठेपर्यंत घरी बसून कसं चालेल? त्यानं जरूर हप्त्यावर घ्यावा. कॉलेजच्या मुलीला मात्र दोन महिने जुन्या फोनवर काढता येतात. दुकानात मात्र दोघांनीही विचारायचं, रोख किती?

आणि हप्त्यावर घेतलाच, तर खात्यात हप्त्याच्या तारखेआधी पैसे ठेवा. नाहीतर बँक वेगळा दंड लावते, कर्ज देणारा वेगळा. शेवटचा हप्ता गेला की कर्ज बंद झाल्याचं पत्र, म्हणजे एनओसी, मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढं घरकर्जाला गेलात आणि हे खातं कागदोपत्री उघडंच दिसलं, तर तेच पत्र दाखवावं लागतं. नमस्कार.