न झालेल्या रस्त्याचा मालक

[दृश्य: ग्रेव्हनहर्स्टचा धक्का. 'सेग्वन' सुटते आहे. भोंगा पूर्ण ऐकू द्यावा.]

कोळशावर चालणारी ही आगबोट १८८७ सालची. तेव्हा नाव होतं 'निपिसिंग'. १९२५ पासून 'सेग्वन'. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, मस्कोकाच्या तळ्यांवर माणसं, टपाल, वाणसामान असं सगळं पाण्यावरूनच जायचं. काठाकाठानं रस्ता काढायची फारशी गरजच पडली नाही. कागदावर मात्र तो रस्ता आखलेला होता. आजही आहे, आणि भांडण त्याचंच आहे.

[दृश्य: ड्रोन. काठावरच्या कॉटेजांची रांग.]

आता वरून पाहा. लाकडी डॉक, बोटहाउस, सॉना, पाण्यापर्यंत उतरणारी कापलेली हिरवळ. मूळ काठापासून आत ६६ फूट मोजले, की यातलं बरंच काही त्या कागदावरच्या रस्त्याच्या पट्टीत येतं. आणि जिथे ती कधी विकली गेली नाही, तिथे मालक आहे टाउनशिप, म्हणजे तिथली पालिका.

[दृश्य: मोजणीची जुनी साखळी, कड्यांवरून हळू सरकत.]

बरोबर ६६ फूटच का? कारण ही साखळी. गंटरची साखळी: शंभर कड्या, ६६ फूट लांब. अशा ८० साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडे जमीन गुंठ्यांत मोजणाऱ्यांना हा हिशेब परका वाटणार नाही. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे अर्ध्या साखळीचा चौरस. एखाद्या कॉटेजला १६५ फूट काठ लाभला असेल, तर तिच्यापुढची पट्टी भरते दहा गुंठे. तळ्याकाठचे दहा गुंठे!

[दृश्य: टाउनशिपचा मूळ नकाशा. तळ्याभोवतीची दुहेरी रेघ.]

एकोणिसाव्या शतकात सरकारी भूमापकांनी जंगलात चौकटी आखल्या. चौकटींच्या मधे रस्त्यांसाठी एकेक साखळी सोडली आणि अनेक तळ्यांच्या नि मोठ्या नद्यांच्या काठानंही एक साखळी राखली. माल उतरवायला, ओंडके ओढायला, मासेमारीला पाण्याशी जाता यावं म्हणून. मग जमिनी वाटल्या. १८६८ च्या कायद्यानं इथे १८ वर्षांवरच्या वसाहतवाल्याला १०० एकर फुकट मिळत. अटी अशा: पाच वर्षांत १५ एकर लागवडीखाली आणायचे आणि निदान १६ बाय २० फुटांचं घर बांधायचं. बऱ्याच ठिकाणी खाली निघाला कातळ. शेती रडतखडत चालली, उन्हाळी पाहुणे मात्र आले, आणि शेतांचे तुकडे पडून कॉटेजं उभी राहिली.

(ही जमीन मुळात अनिशिनाबे या आदिवासी लोकांची. त्यांच्याशी जमिनीबाबतचे विल्यम्स करार झाले १९२३ मध्ये, मोजणीनंतर कितीतरी वर्षांनी. तो वेगळ्या माहितीपटाचा विषय आहे.)

[दृश्य: गवतातली मोजणीच्या खुणेची चौकोनी लोखंडी कांब, गुलाबी फीत.]

कॉटेजवाल्यांचं म्हणणं सरळ आहे. डॉक आजोबांनी बांधला, झाडं आम्ही राखली, टाउनशिपनं इथे कधी फावडं मारलं नाही. मग पट्टी तिची कशी? कायद्याचं उत्तरही तितकंच सरळ. सरकारी भूमापकानं राखलेली रस्त्याची जागा, रस्ता होवो न होवो, म्युनिसिपल कायद्याच्या २६ व्या कलमानुसार सार्वजनिक रस्ताच. आणि अशा जागेवर वर्षानुवर्षांच्या वहिवाटीनं मालकी लागत नाही. आजोबांचा डॉक कितीही जुना असला, तरी.

खरा पेच पडतो तो मस्कोकाच्या पूर्वेला, हॅलिबर्टनकडच्या तळ्यांवर. ट्रेंट-सेव्हर्न या बोटींच्या जलमार्गाला पाणी पुरवायला तिथे धरणं बांधली, पातळी चढली. मूळ काठ बुडाला आणि त्याच्याबरोबर पट्टीचाही काही भाग. मग ६६ फूट मोजायचे कुठून? आजच्या पाण्यापासून नव्हे, पहिल्या मोजणीतल्या काठापासून. म्हणून काही कॉटेजांपुढे कोरडी पट्टी उरते ती जेमतेम काही फूट.

[दृश्य: टाउनशिप कचेरीची खिडकी, अर्ज, शिक्के.]

पट्टी विकत घेता येते. आधी अर्ज. मग परवानाधारक भूमापकाची मोजणी. शेजाऱ्याशी हद्द जुळवणं. इथे अनेक प्रकरणं अडतात, कारण किनारा वाकडा आणि सामाईक रेघ पाण्यापर्यंत ओढायची कोणत्या कोनात, हे दोघांना दोन तऱ्हांनी दिसतं. मग टाउनशिपच्या परिषदेचा ठराव, रस्ता बंद केल्याचा उपविधी, खरेदीखत. दर टाउनशिप ठरवते. मोजणी आणि वकील अर्जदाराच्या खर्चानं. मासे अंडी घालतात अशा जागा बऱ्याच टाउनशिप विकत नाहीत. पट्टी घेतली नाही, तर डागडुजीची परवानगी आणि कॉटेजची विक्री अडकू शकते.

[दृश्य: सार्वजनिक धक्का. रविवार. कनू उतरवणारी कुटुंबं.]

टोरंटो, मिसिसागाहून मराठी कुटुंबंही आता इथे कॉटेज बघायला येतात, त्याहून जास्त नुसती पाण्यात उतरायला. त्या दुसऱ्यांसाठी सांगायचं ते इतकंच: पट्टी विकण्याआधी टाउनशिप जाहीर सूचना लावते. ती वाचा. हरकत घ्यायला काठावर कॉटेज असावं लागत नाही.