मार खाण्याची तालीम

श्रोतेहो, नमस्कार.

१९५५ चा डिसेंबर महिना. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात जेम्स लॉसन नावाचे सत्तावीस वर्षांचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी मुलांना खेळ शिकवत होते. एक दिवस त्यांनी ‘नागपूर टाइम्स’ उघडला, तर पहिल्या पानावर त्यांच्याच देशातली बातमी. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही, म्हणून त्यांना अटक झाली होती. त्यावर तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसमध्ये पाऊलच ठेवायचं नाही असं ठरवलं. पुढारी होते मार्टिन ल्यूथर किंग, वय सव्वीस. बातमी वाचून लॉसन आनंदाने अक्षरशः ओरडले.

किंग यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकलेलं आहे. मला आज बोलायचंय ते लॉसन यांच्याविषयी आणि त्यांनी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात चालवलेल्या वर्गांविषयी. अहिंसक लढा म्हटला की आपल्याकडे त्याग, हृदयपरिवर्तन, महात्मेपण अशी भाषा सुरू होते. नॅशव्हिलचं काम पाहिलं की वाटतं, हे सगळं नंतरचं. आधी सराव लागतो. आखाड्यातल्या पैलवानासारखा, रोजचा, कंटाळवाणा आणि अंग मोडणारा.

लॉसन वाढले ओहायो राज्यात. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची भरती सुरू होती, ती त्यांनी नाकारली आणि तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ मध्ये ते नागपूरला आले. गांधीजी जाऊन पाच वर्षं झाली होती, पण सेवाग्राम जवळ होतं आणि गांधीजींबरोबर काम केलेली माणसं भेटत होती. ते नागपुरात असतानाच, १९५५ मध्ये, आपल्याकडे अस्पृश्यता पाळणं हा दंडनीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

इथे जरा वाट सोडून बोलतो. अमेरिकेतल्या भेदभावाच्या गोष्टी आपण फार हळहळून ऐकतो, आणि आपलं चवदार तळं मात्र २० मार्चच्या भाषणांपुरतं आठवतो. १९२७ मध्ये महाडला पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. जमलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी जवान होते, उलट हात उचलणं त्यांना जड नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरलं आणि ते आवरले. मनगटात जोर असताना हात न उचलणं म्हणजे काय, ते नॅशव्हिलच्या तीसेक वर्षं आधी कोकणात दिसलं होतं.

असो. १९५६ मध्ये लॉसन परतले. पुढच्या वर्षी ओबर्लिन कॉलेजात किंग यांची गाठ पडली. लॉसन म्हणाले, शिक्षण पूर्ण झालं की दक्षिणेत येईन. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. १९५८ मध्ये लॉसन नॅशव्हिलला आले, तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राला नाव घातलं आणि एका चर्चच्या तळघरात वर्ग सुरू केले.

येणारे बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी. अलाबामातल्या शेतकऱ्याचा मुलगा जॉन लुईस. शिकागोहून आलेली डायान नॅश. नॅशला सुरुवातीला हे अहिंसेचं प्रकरण मुळीच पटलं नव्हतं. यातून काही होईल असं वाटत नव्हतं, पण शहरात या अन्यायाविरुद्ध दुसरं कुणी काही करतच नव्हतं, म्हणून ती येत राहिली. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. श्रद्धा आधी आणि कृती मागून, असं दरवेळी होत नाही.

तळघरात काय चालायचं? अर्धी मुलं गुंड व्हायची, अर्धी बसून राहायची. ‘गुंड’ खुर्ची ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, थुंकायचे, आईबापावरून शिव्या द्यायचे. बसलेल्याने उत्तर द्यायचं नाही. खाली पाडलं तर डोकं आणि पोट कसं वाचवायचं, शेजाऱ्याला फार मार बसत असेल तर आपलं अंग मध्ये घालून तो कसा वाटून घ्यायचा, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघत राहायचं, हे सगळं घोटून घेतलं जायचं. ज्याला राग आवरणार नाही, त्याने दुसरं काम करायचं.

लक्ष्यही विचार करून निवडलं होतं. शहरातल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने वह्या, कपडे, भांडी हवी तेवढी घ्यावीत, पैसे हसतमुखाने घेतले जात. त्याच दुकानात खायच्या काउंटरवर स्टुलावर बसून सँडविच मागितलं, की मिळायचं नाही. १९५९ च्या अखेरीस विद्यार्थ्यांनी दोन दुकानांत जाऊन चाचपणी केली. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी असेच काउंटरवर बसले आणि बातमी देशभर झाली. नॅशव्हिलची मुलं तयारच होती. १३ फेब्रुवारीला शंभराहून अधिक विद्यार्थी नीटनेटके कपडे घालून, अभ्यासाची पुस्तकं घेऊन तीन दुकानांत जाऊन बसले.

२७ फेब्रुवारीला मात्र गोऱ्या पोरांच्या टोळ्या वाट पाहत होत्या. मुलांना स्टुलांवरून खाली ओढलं, पेटत्या सिगारेटी अंगावर विझवल्या. पोलीस आले आणि त्यांनी पकडलं मार खाणाऱ्यांना! ८० हून अधिक जण अटकेत. पण एक तुकडी गाडीत चढली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची, ती नेली की तिसरी. त्या दिवशी मुलांना सूचनांचा कागद दिलेला होता: उलट मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, दुकानाची वाट अडवू नका, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची आठवण ठेवायला सांगितलं होतं. कोर्टाने ५० डॉलर दंड सुनावला. तो भरायचा नाही, तुरुंगात जायचं, असं विद्यार्थ्यांनी ठरवलं. दंड भरला तर या कायद्याला आपणच पैसे पुरवले असं होईल, हे नॅशने भर कोर्टात सांगितलं.

मार्चच्या सुरुवातीला व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं. निषेध म्हणून प्राध्यापकांनी राजीनामे दिले. दरम्यान शहरातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरची खरेदीच बंद केली. गल्ला रिकामा राहू लागला, तसा दुकानदारांना विषयाचा न्याय्यपणा अधिक स्पष्ट दिसू लागला, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकलं. नवराबायको मागच्या खोलीत झोपले होते म्हणून वाचले. समोरच्या मेडिकल कॉलेजच्या शंभरावर खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता महापालिकेवर चालत गेले. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट उभे होते. आधी थोडी वादावादी झाली. मग नॅशने साधा प्रश्न विचारला: केवळ वंश किंवा रंग पाहून माणसाला वेगळं वागवणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का? वेस्ट यांना ‘हो’ म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तेच मथळ्यात झळकलं.

यानंतरचा भाग सहसा कुणी सांगत नाही. दुकानदार आणि पुढारी बसले आणि त्यांनी विजयाचीसुद्धा तालीम ठरवली. दिवस आधी ठरवायचा, कृष्णवर्णीय गिऱ्हाइकं मोजकीच आणि छोट्या गटांनी यायची, दुकानदारांनी नोकरांना आधी समजावून ठेवायचं, वर्तमानपत्रांनी बातमी भडक करायची नाही. काही आठवडे असं चालवायचं आणि मग सगळी बंधनं उठवायची. १० मे १९६० ला सहा दुकानांचे काउंटर सगळ्यांसाठी खुले झाले. थिएटरं आणि हॉटेलं मात्र बाकी होती. त्यांच्यासाठी निदर्शनं पुढे १९६४ पर्यंत चालली.

आणि तळघरातली ती मुलं? पुढच्याच वर्षी आंतरराज्य बसमधला भेदभाव मोडायला निघालेल्या पहिल्या तुकडीवर अलाबामात हल्ले झाले, बस जाळली गेली आणि प्रवास थांबला. तेव्हा तो पुढे न्यायला नॅशव्हिलहून विद्यार्थी निघाले. धाडण्याची व्यवस्था नॅशकडे होती. केनेडी सरकारच्या अधिकाऱ्याने तिला फोनवर बजावलं, कुणीतरी मरेल. तिने सांगितलं, ते आम्हाला ठाऊक आहे, काल रात्रीच सगळ्यांनी मृत्युपत्रांवर सह्या केल्या आहेत.

२४ मे १९६१ ला माँटगोमेरीहून मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनकडे बस सुटली. बसमध्ये बंदूकधारी सैनिक होते आणि लॉसनही होते. वाटेत त्यांनी वर्ग घेतला. जॅक्सनला उतरल्यावर सगळे जण गोऱ्यांसाठी राखलेल्या प्रतीक्षागृहात शिरले आणि सगळ्यांना अटक झाली.