लहान खोलीतलं कॅसलरॉक

श्रोतेहो, नमस्कार. घरात छोटी रेल्वे मांडायची म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, इंजिन कुठलं घेऊ? मी सांगते, इंजिन सगळ्यात शेवटी. आधी खोली मोजा. दार आत उघडतं की बाहेर ते बघा, खिडकी किती उंचीवर आहे ते बघा, आणि कपाट हलणार आहे का ते घरच्यांना विचारा. आपण दहा फूट बाय आठ फुटांची खोली धरून बोलू. बेळगावात एवढी खोली छंदासाठी सुटणं हेच मोठं.

मापं थोडक्यात सांगते. एचओ आणि एन ही मॉडेलच्या मापांची नावं. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, म्हणजे एचओत ती १९च्या वर जायला हवी. पण तयार रूळ साडेसोळाचेच मिळतात, भारतीय गाड्यांची मॉडेलंही त्यांवरच धावतात, आणि बघणाऱ्याला ते जाणवत नाही. मी आज एचओचंच बोलणार आहे, कारण डब्याच्या खिडक्या डोळ्यांना दिसल्या पाहिजेत, हे माझं ठाम मत आहे.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपला हात अडीच फूट पोचतो. पुन्हा सांगते, अडीच फूट. अठरा इंच त्रिज्येचा गोल करायचा तर फळी सव्वातीन फूट रुंद लागते. ती भिंतीला लावली की पलीकडच्या रुळावर घसरलेला डबा उचलता येत नाही. म्हणून लहान खोलीत मधोमध टेबल नको. भिंतींच्या कडेनं दीड फूट रुंदीच्या फळ्या लावा आणि मधे माणसाला उभं राहायला जागा ठेवा.

यावरून बेळगावातल्या अनगोळची हकीकत सांगते. ती मी जिथं जाते तिथं सांगते.

माझ्या मावसभावानं अशीच खोली घेतली होती. त्याला मिरज ते घाटाखालचं गोव्यातलं कुळे सगळी लाईन हवी होती. कुडचीजवळचा कृष्णेवरचा पूल हवा, उगारचा साखर कारखाना हवा, घटप्रभा हवं, बेळगाव तर हवंच, मग खानापूर, लोंढा, आणि शेवटी दूधसागरचा धबधबा. खडूनं सगळं जमिनीवर काढलं होतं. रूळ एकमेकांवरून तीनदा जात होते.

आमचे मामा लोंढ्याहून आले होते. गार्ड म्हणून निवृत्त झालेले, घाटात आयुष्य गेलेलं. ते चपला काढून आत आले, खडूच्या रेघांमधून जपून चालत मधोमध जाऊन उभे राहिले.

"काय मांडायलास रे हे?"

"घाट, मामा. इथनं गाडी चढून वरच्या पुलावरनं जाते."

"किती चढते?"

"तीन इंच."

मामांनी टेप मागितली. म्हणाले, "आमचा घाट सदतिसास एक. सदतीस फूट गेल्यावर एक फूट चढ. त्या हिशोबानं तीन इंचाला किती लागतं सांग."

भावानं मनात गुणाकार केला. एकशे अकरा इंच. सव्वानऊ फूट.

"म्हणजे तुझी एक भिंत चढण्यातच संपली. स्टेशन कुठं ठेवणार? स्टेशन सपाट पाहिजे, नाहीतर डबे पळतील."

भाऊ गप्प. मामांनी ओला फडका मागवला आणि त्याच्याच हातात दिला. "पूस. एक स्टेशन ठेव."

कुठलं ठेवायचं यावर अर्धा तास गेला. भावाला बेळगाव सोडवेना. मामा म्हणाले, "बेळगावात गाडी येते, थांबते, जाते. घाटमाथ्यावरचं कॅसलरॉक घे. तिथं काम असतं." आणि त्यांनी समजावलं. कुळ्याहून गाडी चढते ती मागं बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं लावून. कॅसलरॉकला ती सुटतात, बाजूच्या रुळावर जाऊन थांबतात, आणि उतरणाऱ्या गाडीला ब्रेकसाठी लागतात. म्हणजे प्रत्येक गाडी थांबणारच, प्रत्येक गाडीला शंटिंग. १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा, त्यामुळे कस्टमची तपासणीही इथं व्हायची. स्टेशन लहान, काम मोठं. आणि गोव्याच्या बाजूला गाडी बोगद्यात शिरते, ती दिसेनाशी झाली तरी खोटं वाटत नाही.

मग दोघं गुडघ्यांवर बसले. दहा फुटांच्या भिंतीतून दोन्ही कोपऱ्यांची वळणं वजा करून सहा फूट सरळ उरलं. दोन टोकांना दोन सांधे, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात त्या जागा, नऊ-नऊ इंचांचे. दोन सांध्यांमधल्या बाजूच्या रुळाला, म्हणजे लूपला, उरलं साडेचार फूट. डबा दहा इंच, इंजिन आठ. तीन डबे, पुढं इंजिन, मागं बँकर, सेहेचाळीस इंच. बसलं!

"तीनच डबे, मामा?"

"लूपमध्ये मावेल तेवढीच गाडी. खऱ्या रेल्वेतही तेच."

आज ते स्टेशन उभं आहे. दोन्ही आखूड भिंतींवर डोंगराआड तीन-तीन रूळ लपवलेत. एकीकडचे रूळ म्हणजे लोंढ्यापासून वरचं सगळं, दुसरीकडचे म्हणजे कुळे-वास्को. मामा आले की वहीत गाड्यांच्या वेळा लिहितात आणि भावाला त्या पाळायला लावतात.

श्रोतेहो, एवढंच धरा: एक स्टेशन, आणि लूपमध्ये मावेल तेवढी गाडी. हे दोन ठरले की सांधे कुठं आणि किती, ते आपोआप ठरतं.

डोंगराचं मी काय शिकवणार? दिवाळीत किल्ला केलेली पोरं घरोघरी आहेत. दगड, गोणपाट, लाल माती, तेच हात इथं चालतात. फक्त रुळांजवळ ओली माती नको. आणि बाजारातले तयार प्लॅस्टरचे किल्ले मुलांना आणून देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चिखलात हात घातल्याशिवाय उतार कसा असतो ते मुलांना कळत नाही. असो, विषय रेल्वेचा.

आपल्याकडचा पाऊस विसरू नका. प्लाय वॉटरप्रूफच घ्या, कडा आणि खालची बाजूही रंगवा, आणि फळी भिंतीपासून बोटभर सोडून बसवा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही वेळेवर दिसतात. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. पितळेचे काळे पडतात आणि वीज अडते. रुळांच्या जोडपट्ट्यांवरही भरवसा ठेवू नका, पुढे त्या ढिल्या होतात. दर तीन फुटांवर रुळाला खालून वायर डाखा. दोन रंगांच्या वायरी वापरा, एका रुळाला कायम लाल, दुसऱ्याला कायम काळी, आणि फळी भिंतीला पक्की करण्याआधी हे डाखकाम उरकून घ्या.