फाइल सापडली म्हणजे व्हायरस सापडला का?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘व्हायरसचे खरे इशारे आणि अफवा’. सुरुवात अफवेपासून करतो, कारण माझं ठाम म्हणणं आहे की व्हायरसची अफवा हीसुद्धा एक व्हायरसच असते. ‘सगळ्यांना पाठवा’ हे वाक्य म्हणजे तिचा प्रोग्राम, आणि तो चालतो वाचणाऱ्याच्या काळजीवर.

२००१ सालचा ई-मेल आठवा. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा विंडोज ९८वर असाल. मजकूर साधारण असा: ‘माझ्या संगणकात व्हायरस निघालाय, माझ्याकडून तुमच्याकडेही आला असणार. अँटिव्हायरसला तो सापडत नाही. १ जूनला जागा होईल.’ मग पायऱ्या. स्टार्टमधून फाइंडमध्ये जा, ‘एसयूएलएफएनबीके डॉट ईएक्सई’ शोधा. काळपट आयकॉन दिसेल, उघडू नका. राइट क्लिक करून डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा आणि अॅड्रेसबुकातल्या प्रत्येकाला कळवा.

लोक शोधायचे आणि फाइल हमखास सापडायची! सापडणारच, कारण ती मायक्रोसॉफ्टनेच विंडोज ९८ आणि विंडोज एमई या आवृत्त्यांबरोबर दिलेली होती. विंडोजच्या कमांड फोल्डरमध्ये असायची. डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची प्रणाली, तिच्या पद्धतीत फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि एक्स्टेन्शन तीन अक्षरांचं. त्यापेक्षा लांब नावं जपून ठेवायची आणि गरज पडली तर परत बसवायची, एवढंच तिचं काम. म्हणजे बघा, ज्या परीक्षेत प्रत्येकाचं उत्तर ‘हो’च येणार, तिने सिद्ध काय होतं? पण स्क्रीनवर ते नाव दिसलं की माणूस हादरतो, आणि हादरलेला माणूस लगेच पन्नास जणांना कळवतो. तेही चांगल्या मनाने. म्हणून पाठवणाऱ्याला हसू नका.

डिलीट करूनही रोजचं काम अडत नसे, त्यामुळे ‘वाचलो’ ही भावना पक्की व्हायची. फाइल परत आणणं सोपं होतं: ९८मध्ये रनमध्ये ‘एसएफसी’ लिहून मूळ सीडीवरून एक फाइल काढून घ्यायची, एमईमध्ये ‘एमएसकॉन्फिग’मधून.

आता यातला खरा पेच. त्याच वर्षी मॅजिस्टर नावाचा खराखुरा व्हायरस फिरत होता. तो संगणकातली एखादी ईएक्सई फाइल बाधित करून ई-मेलला जोडून पाठवायचा, आणि ती फाइल नेमकी हीच असू शकत होती. म्हणजे एकच नाव: कमांड फोल्डरमध्ये बहुधा निर्दोष, अटॅचमेंट म्हणून आली तर घातक. नावावरून निकाल लागतच नाही. पुढच्या वर्षी टेडी अस्वलाच्या आयकॉनवाल्या फाइलबद्दल हाच प्रकार झाला. तीसुद्धा मायक्रोसॉफ्टचीच, जावाशी संबंधित. ते सविस्तर सांगायचं होतं, पण आयोजक घड्याळाकडे बोट दाखवताहेत, तेव्हा जाहीर केलेल्या मुद्द्याकडे येतो.

दोन इशारे शेजारी ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा ‘मार्टिनेली’चा मेसेज सांगतो: व्हिडिओ उघडला की फोन हॅक, उपाय नाही, पुढे पाठवा. आणि नोव्हेंबर २०१९चा इशारा, तोही व्हॉट्सअॅपमधल्या व्हिडिओबद्दलच. एमपी४ फाइल वाचण्यातली चूक, सुरक्षेतल्या चुकांच्या सार्वजनिक यादीतली नोंद सीव्हीई-२०१९-११९३१, अँड्रॉइडवर २.१९.२७४च्या आधीच्या आवृत्त्यांना धोका, उपाय अपडेट. आपल्या सर्ट-इननेही, म्हणजे संगणक सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेनेही, तो दिला होता. खऱ्या इशाऱ्यात कोणती आवृत्ती, नेमकी चूक कुठली आणि उपाय काय, हे असतंच, आणि तो मूळ संकेतस्थळावर जाऊन वाचता येतो. मेसेजमधली लिंक मात्र दाबू नका. सर्ट-इनचा पत्ता स्वतः टाइप करा. मेसेजमध्ये ‘बीबीसीने सांगितलं’ असं लिहिलंय, एवढ्यावर भागत नाही.

संशयित फाइल असेल तर न उघडता व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटिव्हायरसनी फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर, तपासा. पण तिथे चढवलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते, म्हणून खासगी कागदपत्रं चढवू नका. फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून तोच शोधा. हॅश सापडला नाही म्हणजे फाइल निर्धोक, असं मात्र नाही.

आणि सध्याचा खरा धोका: आरटीओ चलन किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके. पत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते. एपीके म्हणजे अॅप. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी पळवतं. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अॅप्स’खाली व्हॉट्सअॅपची परवानगी बंद ठेवा. चुकून बसवलंच, तर मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. अॅप निघत नसेल तर आधी सेटिंग्जमधून त्याचे डिव्हाइस अॅडमिनचे, म्हणजे फोनवर ताबा ठेवण्याचे खास, अधिकार काढा, मग अनइन्स्टॉल करा. तक्रारीसाठी मूळ मेसेज आणि नंबरचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, चॅट पुसू नका. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलापाशी थांबतो.