तेराव्या संघापर्यंत

मित्रहो, बास्केटबॉलचा विषय निघाला की चार-पाच मोठी नावं आपसूक ओठांवर येतात. आज मी इश स्मिथबद्दल बोलणार आहे. उंची सहा फूट, म्हणजे एनबीएच्या, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, मानाने बुटकाच. जागा पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्याची. २०१० मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठातून तो बाहेर पडला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, तीस संघांच्या लीगने साठ खेळाडू निवडले, त्यात हा नव्हता. तरीही ह्यूस्टनच्या संघात त्याने जागा मिळवली, २०२४ पर्यंत लीगमध्ये टिकला आणि तेरा वेगवेगळ्या संघांची जर्सी घातली. तोवर बाराच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

त्या बारावर चौघं होते: चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ. यातला जो स्मिथ १९९५ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिला निवडलेला खेळाडू. म्हणजे ज्याला सगळ्यांच्या आधी उचललं तो आणि ज्याला कुणीच उचललं नाही तो, दोघांचंही विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. म्हणून अशा खेळाडूंना कुणी ‘कुठेच न टिकलेले’ म्हटलं की मला वाईट वाटतं. वर्षानुवर्षं ते त्या लीगमध्ये टिकलेले असतात.

हे फिरणं होतं कसं? बहुतेक वेळा खेळाडूला कुणी विचारत नाही. करार संघाकडे असतो आणि संघ तो दुसऱ्याला देऊ शकतो. शिवाय संघाच्या एकूण पगारावर असलेल्या मर्यादेमुळे सौद्यात दोन्ही बाजूंच्या पगारांचा मेळ बसवावा लागतो. मोठा खेळाडू जातो, त्याच्याबरोबर हिशेब जुळवायला छोट्या करारवालेही जातात. २०१३ च्या फेब्रुवारीत ऑरलँडोने जे. जे. रेडिकला मिलवॉकीकडे पाठवलं. बातमी रेडिकची होती. त्याच सौद्यात इश स्मिथही गेला आणि त्याच उन्हाळ्यात मिलवॉकीने त्याला पुढे फिनिक्सला दिलं. याहून कठीण अवस्था दहा दिवसांच्या करारावरच्या खेळाडूची. असे करार जानेवारीपासून देता येतात. एका हंगामात एका संघाकडून जास्तीत जास्त दोन, मग एक तर उरलेल्या हंगामासाठी घ्यायचं, नाही तर सोडायचं. दहा दिवसांत तीन-चार सामने होतात आणि त्यातही मैदानावर उतरायला मिळेलच असं नाही.

आता मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट सांगतो. नव्या संघात आलेल्या उंच सेंटरला बास्केटजवळ उभं राहून, रिबाउंड म्हणजे हुकलेल्या फेकीचा चेंडू घेऊन पहिले काही दिवस निभावता येतं. पॉइंट गार्डची ती सोय नसते. चाल कुठली खेळायची हे त्याने सांगायचं असतं आणि बाकीच्या चौघांनी कुठे उभं राहायचं हेही त्यालाच ठाऊक असावं लागतं. प्रत्येक संघाची परिभाषा निराळी. पिक अँड रोल म्हणजे सहकाऱ्याने प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून चेंडूवाल्याला मोकळं करायची चाल. ती मैदानाच्या कडेला होत असताना चेंडूवाल्याला मधे येऊ न देता बाजूलाच अडवायची एक पद्धत आहे. तिला एक संघ ‘आइस’ म्हणतो, दुसरा ‘ब्लू’, तिसरा ‘डाउन’. खेळ तोच, शब्द वेगळा. मागून हाक आली आणि कालच्या संघातला शब्द डोक्यात राहिला, तर त्या अर्ध्या सेकंदात समोरचा बास्केट करून मोकळा होतो. इश स्मिथने ही भाषा पुन्हा पुन्हा शिकली. जुनी विसरणंही त्याच शिकण्यात आलं. कुणाला चेंडू छातीशी हवा असतो, कुणाला धावता धावता पुढे हवा असतो, हे सहकाऱ्यांबद्दलचं ज्ञानही दर वेळी नव्याने गोळा करायचं. आकडेवारीच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.

फिलाडेल्फियाचं उदाहरण पाहा. २०१५ च्या डिसेंबरात तो संघ एकतीसपैकी तीस सामने हरला होता. संघात तरुण मुलं, त्यांच्यापर्यंत चेंडू नीट पोहोचवणारा कुणी नाही. इश स्मिथ आदल्या हंगामात तिथे खेळून गेला होता. संघाने त्याला न्यू ऑर्लिन्सकडून परत आणलं आणि त्याच्या बदल्यात ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी दिल्या. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो संघ फिनिक्समध्ये जिंकला. हंगाम दहा विजय आणि बहात्तर पराभवांवर संपला, म्हणजे काही चमत्कार झाला नाही. पण त्या हरणाऱ्या संघात त्याला रोज खेळायला मिळालं आणि त्याचा वेग सगळ्यांना दिसला. २०१६ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याच्याशी तीन वर्षांचा, एक कोटी ऐंशी लाख डॉलरचा करार केला. सहा वर्षांच्या वणवणीनंतर एका गावात तीन वर्षं! घरातलं सामान खोक्यांतून बाहेर काढता येणं म्हणजे काय, हे ज्याने बिऱ्हाडं हलवली आहेत त्यालाच कळेल.

पुढे २०२१ मध्ये तो शार्लटकडे गेला. तो त्याच भागातला, तिथेच वाढलेला. पण हंगाम अर्ध्यावर असतानाच, २०२२ च्या फेब्रुवारीत, शार्लटने त्याला वॉशिंग्टनला दिलं आणि वॉशिंग्टनने उन्हाळ्यात डेन्व्हरला. डेन्व्हर हा तेरावा संघ. २०२३ च्या जूनमध्ये डेन्व्हरने मायामीला हरवून आपलं पहिलं एनबीए विजेतेपद मिळवलं. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, इश स्मिथ फार कमी खेळला, सरावात मात्र होता, बाकावर होता, आणि विजेत्या संघाच्या यादीत त्याचं नाव आहे.

त्यानंतरच्या हंगामात शार्लटने त्याला परत बोलावलं. शेवटचे सामने तो आपल्या माणसांसमोर खेळला.