आधी सीपीके, मग जीन

मूल जमिनीवरून कसं उठतं, ते नीट बघा. चार-पाच वर्षांचा मुलगा आधी पालथा होतो, मग ओणवा. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच पायांवर हात रोवत उभा राहतो. याला गॉवर्स साइन म्हणतात. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, म्हणून घरचे म्हणतात, अंगाने धट्टाकट्टा आहे, जरा आळशी आहे इतकंच. तो आळशी नाही हो! त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात स्नायूला धरून ठेवणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही.

डॉक्टर मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, अशा मुलाचा सीपीके करा. झिजणाऱ्या स्नायूंतून रक्तात उतरणारं एन्झाइम मोजणारी ही साधी, स्वस्त रक्ततपासणी आहे. ड्यूशेनमध्ये हा आकडा हजारांत जातो, पुष्कळदा दहा हजारांच्याही वर. एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात येतात. ती वाढलेली दिसली की लिव्हरचा आजार समजून महिनोन्महिने औषधं चालतात, आणि तो वेळ परत मिळत नाही.

सीपीके संशय पक्का करतो, निदान जीनच्या तपासणीतून होतं. या आजाराचा डीएमडी जीन एक्स गुणसूत्रावर आहे, त्यात ७९ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाची कृती सांगणारे तुकडे. सुमारे दोन तृतीयांश मुलांमध्ये यातले एक किंवा अधिक एक्झॉन गळालेले असतात. म्हणून आधी एमएलपीए, म्हणजे गळालेले किंवा जादा एक्झॉन मोजणारी तपासणी करतात. ती निगेटिव्ह आली की 'काही नाही निघालं' म्हणून फाइल बंद करणारे पालक मी पाहिलेत. तसं करू नका. बारीक बदल एमएलपीएला सहसा दिसत नाहीत, त्यासाठी पुढे सिक्वेन्सिंग, म्हणजे जीनचं अक्षरन् अक्षर वाचणं, करावं लागतं. मांडीचा तुकडा काढून बायोप्सी करायची वेळ आता क्वचितच येते.

रिपोर्टमधले आकडेही वाचून घ्या. 'एक्झॉन ४५ ते ५० डिलीशन' (म्हणजे ते एक्झॉन गळालेले) असं लिहिलं असेल, तर ते मूल एक्झॉन ५१ वगळणाऱ्या औषधाच्या गटात मोडतं. दुसऱ्या डिलीशनला ते औषध लागू पडेलच असं नाही. स्टिरॉइड्सचं तसं नाही, ती बहुतेक मुलांना देतात आणि चालणं काही काळ टिकतं.

तान्हं बाळ लुळं असेल, तर वाट वेगळी. तिथे एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी) या वेगळ्या आनुवंशिक आजाराचा विचार आधी, म्हणजे एसएमएन१ जीनची स्वतंत्र तपासणी. नुसत्या एक्झोमवर, म्हणजे सगळ्या जीनचे एक्झॉन एकदम वाचणाऱ्या तपासणीवर, विसंबू नका, त्यात एसएमए सुटू शकतो.

आता आईबद्दल. ड्यूशेन असलेल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या आया वाहक असतात, म्हणजे त्यांच्या एका एक्स गुणसूत्रावर तो बदल असतो, बाकीच्यांत बदल नव्याने झालेला असतो. सासरी तिला बोल लावतात, हे मला अजिबात सहन होत नाही. जीन कुणी निवडून घेत नाही. तिची तपासणी करायची ती तिच्या भल्यासाठी: वाहक बाईच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून तिची इको (हृदयाची सोनोग्राफी) अधूनमधून व्हायला हवी. मावशीला, बहिणीलाही कळवा. आईचं रक्त निर्दोष आलं तरी काही बीजांडांत तो बदल असू शकतो, म्हणून पुढच्या खेपेलाही गर्भाची तपासणी करून घ्यावी.

ती साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते. १९९४ च्या कायद्याने लिंग सांगायला बंदी आहे, पण आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी करता येते. मात्र पहिल्या मुलाचा नेमका बदल आधी हाती हवा. दिवस गेल्यावर शोधायला निघालात, तर रिपोर्ट येईपर्यंतच आठवडे निघून जातात.